मदत हवी आहे : एक कॅसेट पाल, एक एनटीएससी, नीट डिजिटल कशा कराव्यात?

नमस्कार मंडळी. घरी व्हीएचएसच्या दोन कॅसेट आहेत. एक आईबाबांच्या लग्नाची, १९८९, नागपुरातल्या धरमपेठेतली, अर्थात पाल (आपल्याकडची तेव्हाची टीव्ही-व्हिडिओची पद्धत). दुसरी मामाने अमेरिकेहून पाठवलेली, एनटीएससी (तिकडची तेव्हाची पद्धत). बर्डीवरच्या एका दुकानातून दोन्ही डिजिटल करून आणल्या आणि लग्नाची फाइल पाहून जीव हळहळला. अंतरपाट दूर होतो तिथे अक्षता टाकणारे हात झटके देत सरकतात. तपासलं तर फाइल ३० फ्रेमची! पाल सेकंदाला २५, म्हणजे दर सेकंदाला पाच फ्रेम दोनदा घातल्या. शिवाय पालच्या ६२५ पैकी चित्राच्या ५७६ रेषा, त्याही ४८० वर आणल्या.

मामाच्या कॅसेटमध्ये हालचाल सलग आहे, पण आजीचा चेहरा हिरवट दिसतो. एनटीएससीत रंगाच्या सिग्नलची फेज, म्हणजे लहरीची वेळ, ढळली की छटाच बदलते. पालमध्ये फेज एक ओळ आड उलटते, त्यामुळे चूक बरीचशी कटते, एवढं माहीत आहे. पण हा हिरवटपणा टेपमध्येच आहे की प्लेअरमुळे, हे कसं ओळखायचं?

नागपुरात कोणाकडे दोन्ही पद्धती चालवणारा चालू व्हीसीआर आहे का? आणि पालचे सेकंदाला ५० फील्ड (अर्ध्या फ्रेम) जसेच्या तसे, ७२० बाय ५७६ मध्ये घेणारं कोणतं कॅप्चर कार्ड तुम्ही स्वतः वापरलंय? कृपया लवकर सांगा, लग्नाच्या टेपच्या कडेला बुरशीचे पांढरे ठिपके दिसू लागलेत.