आधी पोटाची ऑपरेशनं झाली असतील तर टमी टक (पोटाची लोंबणारी कातडी काढून पोट घट्ट करायचं ऑपरेशन) करता येतं का?

नाशिककरीण:
नमस्कार, वय ३९, दोन सिझर झालीत आणि लग्नाआधी पित्ताशय काढलंय, तेही दुर्बिणीतून नाही, उजव्या बरगडीखाली वीतभर तिरका व्रण आहे. वजन आता आटोक्यात आहे पण सिझरच्या टाक्यांवर कातडी लोंबते, उन्हाळ्यात घडीत घाम साचून चिघळतं, पावडर-मलम सगळं करून झालं. एक डॉक्टर म्हणाले आरामात होईल, दुसरे वरचा व्रण बघून गप्पच झाले. नक्की अडतं काय?

ओटी_सिस्टर:
ताई, ऑपरेशनं किती झाली यापेक्षा व्रण कुठे आहे ते महत्त्वाचं. सिझरचा व्रण खाली आडवा असतो, तो बहुतेक वेळा काढून टाकायच्या कातडीबरोबरच जातो. दुर्बिणीच्या छोट्या छिद्रांचंही सहसा काही नसतं. तुमचा प्रश्न बरगडीखालचा. टमी टकमध्ये पोटाची कातडी स्नायूंपासून सुटी करून खाली ओढतात, त्यात मधून येणाऱ्या रक्तवाहिन्या कापल्या जातात आणि ती कातडी मुख्यतः बाजूने येणाऱ्या रक्तावर जगते. तुमच्या उजव्या बाजूचा तो रस्ता जुन्या व्रणाने आधीच तुटलेला असू शकतो, मग व्रणाच्या खालची कातडी काळी पडणं, जखम उघडणं याची भीती. अशा वेळी सर्जन कातडी कमी सुटी करतात, किंवा नुसती लोंबणारी घडी कापतात, स्नायू आवळत नाहीत. तुमचा त्रास घडीचाच आहे तर हे नक्की विचारा. आणि घरात कुणी काही म्हणो, सिगारेट, तंबाखू, मशेरी काहीही असेल तर आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे पूर्ण बंद, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात.

सांगलीची_मावशी:
माझा बेंबीचा हर्निया होता, जाळी बसवलेली. सर्जननी टमी टकच्या आधी सीटी स्कॅन करायला लावला, जाळी कुठे आहे, परत हर्निया झालाय का ते बघायला. बेंबीचा रक्तपुरवठा आधीच्या ऑपरेशनमुळे कमी असू शकतो, बेंबी जाऊ शकते हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं, मला ते आवडलं. नंतर आत साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या आणि पोटाला पट्टा, सरळ उभं राहायलाच बरेच दिवस जातात, घरात मदतीला माणूस ठेवा.

नाशिककरीण:
सिस्टर, इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. मशेरी मी लावत नाही, सासूबाई लावतात. विम्यातून काही मिळेल का?

ओटी_सिस्टर:
दिसण्यासाठी म्हणून केलं तर नाही मिळत. हर्निया निघाला तर तेवढ्याचं मिळू शकतं, कंपनीला आधी लेखी विचारा. आणि पित्ताशयाचं जुनं डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा, प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी असलेल्या सर्जनकडे घेऊन जा. हिमोग्लोबिन, शुगर पण करून घ्या, आणि तिसरं मूल हवं असेल तर आत्ता थांबा, पोट परत ताणलं जातं.