तलंग (तरुण कोंबडी) जोर करते, पण अंडं पडत नाही

सकाळपासून गावरान तलंग शेपटी खाली टाकून उभी आहे. विष्ठा पांढरी, पातळ. गळ्यातली दाण्याची पिशवीही फुगलीय. काय करावं?

— अंडं अडकलेलं दिसतंय. ३८-४० अंश कोमट पाण्यात पोटापर्यंत १५-२० मिनिटं बसवा, नीट कोरडी करा, अंधाऱ्या उबदार खोक्यात ठेवा. पोट अजिबात दाबू नका. अंडं आत फुटलं तर टरफलं लागून जंतुसंसर्ग होतो. संध्याकाळपर्यंत सुटली नाही तर जनावरांचा दवाखाना गाठा.

— पिशवी पहाटे, दाणे टाकण्याआधी चाचपा. तेव्हा ती रिकामी हवी. कडक गोळा लागला तर गवत अडकलंय, लिबलिबीत आणि आंबूस वास असेल तर आंबलीय. कोंबडीला डोकं खाली धरून ओकवू नका, पाणी श्वासनळीत जातं.

— नुसत्या कण्यांवर ठेवलीय का? कॅल्शियम कमी पडलं की स्नायू अंडं ढकलत नाहीत. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा.