लॅब्राडॉरला लिम्फोमा निघालाय. केमो करावी का, आणि खर्चाचं कसं जमवायचं?

नौपाड्याची_लेक:
नमस्कार. आमचा शेरू नऊ वर्षांचा आहे. गेल्या रविवारी पट्टा बांधताना बाबांच्या हाताला त्याच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी लागल्या, लिंबाएवढ्या. मागच्या गुडघ्यांच्या मागेही तशाच. दाबलं तरी कुंई नाही की काही नाही, म्हणून आधी वाटलं दाढेचं काही असेल. सुईनं नमुना घेतला, रिपोर्टमध्ये लिम्फोमा आला, म्हणजे लसीका गाठींचा कॅन्सर.

जवळच्या दवाखान्यात केमोचा सगळा खर्च दीड लाखाच्या आसपास सांगितला. मी खासगी शाळेत शिकवते, घराचा हप्ता चालू आहे. बाबा म्हणतात, माझी एफडी मोड. ती आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली आहे. आई काही बोलत नाही, नुसती शेरूची पोळी दुधात कुस्करत बसते.

तो अजूनही संध्याकाळी तलावपाळीला ओढत नेतो मला. केमोनं त्याचे हाल होतील का? नाही केली तर आपण त्याला सोडून दिलं असं होईल का? आणि एका ओळखीच्यांनी सांगितलं, तोवर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू करा, मग बघू. करू का?

नेरुळकर_काका:
ताई, ती गोळी आत्ता चालू करू नका. केमो करायची की नाही हे आधी ठरवा. आमच्या राणी कुत्रीच्या वेळी आम्ही नेमकं हेच केलं. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडनं चार दिवसांत गाठी उतरल्या, आम्ही पेढे आणले. तीन आठवड्यांनी गाठी परत आल्या. नंतर कॅन्सर बघणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की आधी नुसतं स्टेरॉइड दिलं तर कॅन्सरच्या पेशी पुढच्या औषधांना दाद देईनाशा होऊ शकतात. मला ते अजून सलतं.

हालांचं म्हणाल, तर कुत्र्यांच्या केमोचे डोस माणसांपेक्षा सौम्य ठेवतात, कारण हेतू बरे दिवस मिळवणं हा असतो. लॅब्राडॉरचे केस सहसा गळत नाहीत. राणीला व्हिनक्रिस्टिन या केमोच्या औषधानंतर दोन दिवस खाणं नको व्हायचं. तिसऱ्या दिवशी उकडलेलं अंडं हातातून घ्यायची. सायक्लोफॉस्फामाइड हे दुसरं औषध दिलं की दर दोन-तीन तासांनी लघवीला न्यायचो, नाहीतर मूत्राशयाला त्रास होतो. त्या दोन-तीन दिवसांत शी-शू साफ करताना हातमोजे घाला. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांना लांब ठेवा.

आता आकडे. नेहमीची चार औषधांची केमो साधारण १९ ते २५ आठवडे चालते. बहुतेक कुत्र्यांच्या गाठी उतरतात, पण आजार मुळापासून जाणं दुर्मिळ. सरासरी वर्षभर मिळतं, लिम्फोमा दोन प्रकारच्या पेशींचा असतो: बी-पेशींचा असेल तर जरा बरं, टी-पेशींचा असेल तर कमी. नुसत्या स्टेरॉइडवर महिना-दोन महिने. हे ऐकून मग एफडीचं ठरवा.

आणि डॉक्टरांना सरळ सांगा, आमच्याकडे एवढेच आहेत. मी लाजलो, निम्म्यात पैसे संपले आणि दोन डोस लांबले. पूर्ण कोर्सचा अंदाज कागदावर मागा, त्यात दर वेळची रक्ततपासणी आणि डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाआधीचा हृदयाचा एको धरलाय का ते बघा. औषधं माणसांचीच असतात. तीच जेनेरिक लिहून द्या म्हणा, बराच फरक पडतो.

कोपरी_पूल:
परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथेच बैलघोडा हॉस्पिटलही. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. फोन करून केमोचं विचारा, मगच गाडी काढा. विमा आता काढून उपयोग नाही, आधीचा आजार त्यात धरत नाहीत.

कळव्याची_सून:
आम्ही केमो केली नाही. सासऱ्यांचं डायलिसिस चालू होतं, दोन्ही झेपणारं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मोत्या सहा आठवडे छान जेवला. शेवटी श्वास लागायला लागला तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावून त्याला इंजेक्शननं कायमचं झोपवलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आम्ही त्याला सोडून दिलं असं मला एकदाही वाटलं नाही. तुमच्या आईंचं ऑपरेशन पुढे ढकलू नका हो. आणि त्याच्या दुखण्यावर घरातली पॅरासिटामॉल, आयब्रुफेन देऊ नका.

नौपाड्याची_लेक:
काका, ताई, सगळे, वाचताना रडले. गोळी चालू केली नाही. परळला फोन झाला, गुरुवारी बोलावलंय. पेशी कोणत्या ते तपासायला सांगणार आहे. आईला एफडीबद्दल समोर बसवून विचारलं. ती म्हणाली, माझा गुडघा तू ठरवलेल्या तारखेलाच होऊ दे, शेरूसाठी माझी भिशी पुढच्या महिन्यात लागतेय. तेवढ्यात किती डोस बसतात ते गुरुवारी विचारीन. बाबांनी शेजाऱ्यांची गाडी सांगून ठेवलीय, मागच्या सीटवर शेरूची गोधडी आत्ताच घालून आलेत.