कपाळाच्या एक्सरेत उभी रेघ आलीय, सूचर की फ्रॅक्चर? लवकर सांगा

तासगावचा_बाळू
पोराच्या कपाळाचा एक्सरे काढला. मधोमध उभी रेघ दिसतीय. रिपोर्टात नुसतं "सूचर? फ्रॅक्चर? सीटी करा". दोन्हीपुढं प्रश्नचिन्ह, मग पैसे कशाचे घेतले? तिथले डॉक्टर आता सोमवारीच भेटणार. आणि सूचर म्हणजे टाके ना? टाके तर घातलेलेच नाहीत! फोटो टाकलाय, जाणकारांनी लगेच बघा.

कृष्णाकाठ
फोटोत एक्सरेपेक्षा खिडकीचे गजच जास्त दिसतायत. पोरगं केवढं आहे? कशानं लागलं, कधी?

वाईची_माई
घाबरू नका हो. टाळू भरली का बाळाची? मागची दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची भरायला दीड वर्षसुद्धा लागतं. माझ्या नातवाला मी रोज कोमट खोबरेल लावायचे, नुसतं बोटानं, दाब न देता.

तासगावचा_बाळू
माई, पोरगं २१ वर्षांचं आहे, मिशा आहेत त्याला. पोलीस भरतीचं ग्राउंड करतंय. रेघेचं सांगा कुणीतरी.

हळदपेठ
हेल्मेट घातलं नव्हतं ना? सांगली-मिरज रस्त्यावर रोज बघतो, हेल्मेट आरशाला अडकवून गाडी पळवतात.

तासगावचा_बाळू
कबड्डीत गुडघा लागला काल संध्याकाळी. कबड्डी हेल्मेट घालून खेळतात व्हय?

मिरजेचा_एक्सरेवाला
हे आधी सांगायचं होतं दादा. उलटी झाली का? गुंगी, वाढती डोकेदुखी, नाकाकानातून पाण्यासारखं काही? यातलं एक जरी असलं तर इथं टाइप करत बसू नका, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. रात्र असली तरी.

वैद्य_सातारा
सूचर म्हणजे इथे टाका नव्हे, कवटीच्या हाडांमधला सांधा. सुश्रुतांनी संधींचे ८ प्रकार सांगितले, त्यात कवटीच्या सांध्यांना नाव दिलं तुन्नसेवनी, म्हणजे रफू केल्यासारखी शिवण. स्थिर संधी, हलत नाही. लाक्षादि गुग्गुळ सुरू करा, हाड सांधतं.

कृष्णाकाठ
वैद्यबुवा, शिवणीची माहिती झकास. पण हाड मोडलंय हेच ठरलेलं नाही, गुग्गुळ कशाला सांधायचा?

वैद्य_सातारा
नुकसान तर नाही ना?

कृष्णाकाठ
खिशाचं आहे की.

तासगावचा_बाळू
भांडू नका राव. उलटी एकदा झाली, पण ती खेळून लगेच ऊस खाल्ला म्हणून. बाकी चांगलं बोलतंय. टेंगूळ आहे लिंबाएवढं.

मिरजेचा_एक्सरेवाला
ती उलटी उसाची असं तुम्ही ठरवू नका. रेघ नेमकी कुठून कुठवर? सरळ आहे की करवतीच्या दातांसारखी?

तासगावचा_बाळू
नाकाच्या मुळापासून केसांपर्यंत. भिंगातून बघितलं तर दातेरी. शेजारी एक अगदी बारीक सरळ रेघ पण आहे, तीच फ्रॅक्चर म्हणतोय मी.

मिरजेचा_एक्सरेवाला
जन्मताना कपाळाचं हाड दोन फाळक्यांचं असतं, मधे मेटॉपिक शिवण. बहुतेकांची ती वर्षभरात बुजते, काहींची म्हातारपणापर्यंत तशीच राहते. त्रास काही नाही. शिवण बाहेरून दातेरी आणि आतून बरीच सरळ असते, म्हणून एकाच शिवणीच्या दोन रेघा उमटू शकतात. मोडीची रेघ सहसा काळीभोर, धारदार, कडा पांढुरक्या नसलेली. पण गजांमागचा फोटो बघून मी तुम्हाला "काही नाही" म्हणणार नाही. तुमच्या डॉक्टरनं प्रश्नचिन्ह टाकलं ते बरोबरच केलं. सीटीत हाडपण कळतं आणि आत रक्त साचलंय का तेही. सोमवारची वाट बघू नका.

हळदपेठ
सीटी लगेच सांगतात हल्ली, कट असतो.

मिरजेचा_एक्सरेवाला
मार, उलटी आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. इथं कट नसतो काका.

वाईची_माई
माझ्या प्रश्नाचं राहूनच गेलं. नात १० महिन्यांची आहे, तिची टाळू अजून मऊ लागते, चालेल का?

कृष्णाकाठ
चालतं माई. एकदम खोल गेली किंवा फुगून वर आली, तर मात्र लगेच डॉक्टर.

तासगावचा_बाळू
रात्रीच मिरजेला नेलं, सीटी झाली. रिपोर्ट वाचून दाखवतो: फ्रॅक्चर नाही, आत रक्तस्राव नाही, मेटॉपिक सूचर कायम. दोन्ही रेघा तिच्याच म्हणाले. पोरगं म्हणतंय, माझं कपाळच दोन तुकड्यांचं, आता सगळ्या ग्राउंडला सांगणार. उद्या सकाळी रेड टाकायला निघालंय.

मिरजेचा_एक्सरेवाला
बरं झालं. पण खेळायला परत कधी सोडायचं ते डॉक्टरांना विचारलं का?

तासगावचा_बाळू
ते विचारायचं राहिलं की.