कसाबचे वकीलपत्र घेणाऱ्याने मनाला काय सांगावे?

प्रश्न : २६/११ च्या खटल्यात आरोपींचा बचाव करणाऱ्या वकिलांना त्यांची सदसद्विवेकबुद्धी टोचत नसेल का?

उत्तर १ : त्याच खटल्यात फहीम अन्सारीवर नकाशे पुरवल्याचा आरोप होता. मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडलेल्या म्हणून दाखवलेल्या नकाशावर रक्ताचा डाग नव्हता, हे बचावपक्षाने दाखवले आणि मे २०१० मध्ये अन्सारी निर्दोष सुटला. मात्र त्याचे वकील शाहिद आझमी यांची त्याआधीच, ११ फेब्रुवारीला, कुर्ल्यातील कार्यालयात गोळ्या घालून हत्या झाली होती.

उत्तर २ : मी सत्र न्यायालयात वकिली करते. अशिलाने गुन्हा कबूल केला तरी मी पुराव्यातील त्रुटी दाखवते, पण खोटा साक्षीदार कधीही उभा करत नाही.

प्रश्नकर्ता : नकाशाविषयी मला ठाऊक नव्हते. आभारी आहे.