मदत हवी आहे: ढगातून बाहेर पडणाऱ्या प्रवासी विमानाला छोटे विमान दिसते कसे?

नमस्कार. ढगाळ हवामानात प्रवासी विमान आणि छोटे खासगी विमान धोकादायकरीत्या जवळ येण्याच्या प्रकारांबद्दल वाचताना एका हिशेबापाशी मी अडलो आहे; जाणकारांनी मदत करावी, ही विनंती.

नजरेच्या भरवशावर, म्हणजे व्हीएफआर नियमांनुसार उडणाऱ्या विमानाने ढगांपासून सर्वसाधारणपणे आडवे १,५०० मीटर आणि उभे १,००० फूट अंतर राखायचे असते. १०,००० फुटांखाली प्रवासी विमानाचा वेग २५० नॉटपर्यंत (ताशी सुमारे ४६३ किलोमीटर) असू शकतो. म्हणजे ढगाच्या कडेतून बाहेर आल्यावर ते १,५०० मीटर सुमारे साडेअकरा सेकंदांत कापते, आणि समोरचे विमान त्याच्याच दिशेने येत असेल तर वेळ आणखी घटतो. उलट, समोरचे विमान दिसून, धोका ओळखून, वळण घेईपर्यंत वैमानिकाला सुमारे १२.५ सेकंद लागतात, असे अमेरिकेची हवाई वाहतूक नियामक संस्था एफएए सांगते. मग हे अंतर पुरेसे कसे मानले जाते?

प्रवासी विमानात टीकॅस, म्हणजे जवळ आलेल्या विमानाबद्दल वैमानिकाला सावध करणारी यंत्रणा आहे, हे मान्य. पण छोट्या विमानात ट्रान्सपॉन्डर (विचारणा करणाऱ्या रेडिओ संदेशाला आपोआप उत्तर देणारे उपकरण) नसेल किंवा बंद असेल तर टीकॅसला ते दिसतच नाही, आणि ट्रान्सपॉन्डर उंची कळवत नसेल तर ‘वर जा’, ‘खाली जा’ असा आदेश मिळत नाही. (१९८६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सेरिटोस येथे प्रवासी विमानाशी धडकलेले छोटे विमान उंची कळवत नव्हते, आणि तेव्हा तर आकाश निरभ्र होते.)

ई वर्गाच्या हवाई क्षेत्रात (हवाई क्षेत्राच्या नियमांनुसार पाडलेल्या वर्गांपैकी एक) हवाई वाहतूक नियंत्रक अशा प्रवासी आणि व्हीएफआर विमानांना एकमेकांपासून दूर ठेवण्यास बांधील नसतो. अशा ठिकाणी ढगातून उतरताना वैमानिक प्रत्यक्षात नेमके काय करतात?