६.५×५५ असताना क्रीडमूर कशाला?

जुनं_लोखंड
मिनेसोटात असतो. गेल्या हिवाळ्यात स्वीडिश माउझर घेतली, एम ९६ ही जुनी लष्करी रायफल, नळीच्या मुळाशी १९०० कोरलेलं. कपाटात आधीपासून नवी टिक्का रायफल आहे, तीही ६.५×५५चीच, म्हणजे दोघींना काडतूस एकच. रेंजवरचे सगळे मागे लागलेत, टिक्का विका आणि ६.५ क्रीडमूर काडतुसाची रायफल घ्या. मला पटत नाही. गोळी तीच, ०.२६४ इंच, वजनही बहुतेक वेळा तेच १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. आमची पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं) ५५ मिमी, त्यांची जेमतेम ४९. दारू आमच्यात दहाएक टक्के जास्त मावते. स्वीडन-नॉर्वेचं हे १८९४चं काडतूस, तिकडे आजही त्यावर मूसची शिकार होते. हॉर्नाडी कंपनीचं क्रीडमूर २००७चं, म्हणजे जुनीच दारू नव्या बाटलीत, आणि बाटलीही लहान! घरी काडतुसं भरणाऱ्याला त्यात काय मिळणार?

तात्या_ऑस्टिन
मावते म्हणून भरायची का? अमेरिकेत ६.५×५५ला दाबाची मर्यादा ५१,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), क्रीडमूरला ६२,०००. ही कात्री तुमच्या १९००च्या म्हातारीसारख्या बंदुकांसाठीच लावलीय. म्हणून इथलं दुकानातलं ६.५×५५ बरंचसं मिळमिळीत असतं. शिवाय क्रीडमूर शॉर्ट अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे आखूड यंत्रणेच्या रायफलमध्ये, बसतं.

जुनं_लोखंड
मिळमिळीत ते दुकानातलं. नव्या बंदुकांसाठी वेगळे आकडे देणारी मॅन्युअल्स आहेत, त्यांच्या आत राहून टिक्कासाठी भरतो. युरोपात तर मर्यादाच ३,८०० बार, म्हणजे ५५,००० पीएसआयच्या आसपास. आणि आमची लांबी ८० मिमीपर्यंत जाते, त्यामुळे लांब गोळी पुंगळीत खोल खुपसावी लागत नाही.

मुक्काम_ओस्लो
राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझ्याकडेही हीच जोडी होती. डबे वेगळे, चिठ्ठ्या वेगळ्या, सगळं शिस्तीत. एका रविवारी थंडीनं बोटं बधिर, नव्या रायफलची जास्त दाबाची पाच काडतुसं खिशात होती, ती गेली माउझरमध्ये. पहिल्याच बाराला बोल्टची (नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची) मूठ उचलेना. तळहातानं ठोकून उघडली. पुंगळीच्या बुडाशी प्रायमर (दारू पेटवणारी टिकली) इस्त्री केल्यासारखा सपाट, कडेनं काजळीचं कडं. एम ९६ला नंतरच्या माउझर ९८सारखा तिसरा लग (बोल्ट अडकवून धरणारा दात) नाही, प्रायमर फुटला तर मागे येणारा वायू अडवायला बोल्टला ९८सारखी रुंद कडाही नाही. चष्मा होता म्हणून निभावलं. नंतर नवी विकून क्रीडमूर घेतली. ते काडतूस खांद्याशी जाड आहे, माउझरच्या चेंबरमध्ये शिरतच नाही. मला तेवढंच हवं होतं. गोळी कुठली चांगली, हा वाद तुम्ही घाला.

बारीक_नजर
एका चुकीसाठी बंदूक विकायची? कडक भरलेल्यांना निकेलच्या चकचकीत पुंगळ्या वापरा, माउझरला पिवळ्या. बधिर बोटांना नाही तरी डोळ्यांना कळेल. मला काळजी दुसरीच आहे. अमेरिकेतल्या काही पुंगळ्या बुडाला बारीक असतात. या काडतुसाचं बूड ०.४८० इंच हवं, .३०८ काडतुसाच्या घराण्याचं ०.४७३. बार झाला की त्या बुडापाशी फुगतात. लापुआ कंपनीच्या घ्या, महाग पडल्या तरी. आणि माउझरचा घसा (नळीत खाचा सुरू होण्याआधीचा भाग) मुळात १५६ ग्रेनच्या बोथट गोळीसाठी कापलेला. टोकदार १४० टाकली की ती खाचांना लागण्याआधी बरीच उडी घेते. दस्त्यावरची पितळी चकती वाचलीत का?

जुनं_लोखंड
आत्ता बॅटरी घेऊन वाचली. नळीचा व्यास ६.५१ मिमी आणि आतल्या गंजाचा खूण-त्रिकोण २वर. १५६च भरतो मग, तिच्या जुन्या वेगानं. टिक्काची कडक भरलेली तीस काडतुसं आहेत, ती आज मोडून टाकतो. निकेल आल्यावर बघू.

तात्या_ऑस्टिन
दोन्ही सौम्यच उडवणार तर घरी भरता कशाला? खोका विकत आणा.

जुनं_लोखंड
तात्या, गावी मामांच्या .३१५ रायफलची काडतुसं परवान्यावर मोजून मिळायची. दिवाळीनंतर रानडुकरांसाठी किती उरली, हे मामी पोह्यांच्या डब्यात हात घालून सांगायच्या. इथे रात्री गॅरेजमध्ये बसून एकेक पुंगळी पुसतो, तराजूवर दारूचा दाणा-दाणा टाकतो. ते खोक्यात मिळत नाही.